यादवीनंतरचें मौन

यादवांच्या कुलक्षयावरून ‘यादवी’ हा शब्द आपणांस मिळाला. परंतु यादवी शमल्यावर मागें उरलेल्यांच्या घरांत काय घडतें? स्पेनमधील १९३६ ते १९३९ च्या यादवीपुरतें याचें उत्तर व्हिक्टर एरिसे यांच्या ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा’ या १९७३ सालच्या बोलपटांत आम्हांस मिळालें. स्थळ कास्तीलमधील खेडें, साल १९४०. बाप मधमाश्यांत मग्न, आई पत्रलेखनांत. परस्परांत जवळजवळ अबोला. धाकटी आना ओसाड मेंढवाड्यांत लपलेल्या जखमी माणसास सफरचंद व बापाचा कोट नेऊन देते. रात्रीं त्यास गोळ्या घालण्यांत येतात. कां, हें तिला कोणीच सांगत नाहीं. रणांगण एकदांही दिसत नाहीं. तरी घराघरांतील युद्ध संपलेलें नाहीं, हें त्या मौनावरूनच उमगतें. बालकांच्या प्रश्नांस मौन हें उत्तर नव्हे, एवढा बोध सुज्ञ पालकांनीं अवश्य घ्यावा.