आग आज, धूर नऊ वर्षांनी : किरणोत्सार आणि थायरॉइड

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असणार, हे न्यायदर्शनातलं जुनं उदाहरण. पण आग आज लागली आणि धूर नऊ वर्षांनी दिसला तर? आज असंच एक प्रकरण पाहू. आम्ही काही डॉक्टर नव्हे, तेव्हा शरीरशास्त्र गरजेपुरतंच.

1 मार्च 1954. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांमध्ये, बिकिनी इथे, अमेरिकेने 'कॅसल ब्राव्हो' ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट 15 मेगाटनचा झाला, अंदाजाच्या अडीच पट. काही तासांनी दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, रोंगेलॅपवर पांढरी भुकटी पडू लागली. ती प्रवाळाची किरणोत्सारी राख होती. मुलं तिच्यात खेळली. पाण्यात, अन्नात ती मिसळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. उलट्या झाल्या, कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले. पुढे हे सगळं बरंही झालं आणि 1957 मध्ये लोकांना बेटावर परत नेलं. प्रकरण संपलं, असं वाटण्याजोगंच होतं.

1963 मध्ये एका मुलीच्या थायरॉइडमध्ये गाठ सापडली. मग एकेक करत, स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालची असलेल्या बहुतेक मुलांमध्ये गाठी निघाल्या. दोन मुलगे तर वाढच खुंटून बुटके राहिले होते. त्यांची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ निकामी झाली होती, हे नंतर कळलं.

थायरॉइडच का? ही गळ्यातली छोटीशी ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून संप्रेरक बनवते. साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं, हे तिला ओळखता येत नाही. त्यातलं आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं. ऐंशी दिवसांत साधारण हजारावा भाग उरतो. म्हणजे कारण निघून जातं. पण तोवर काही पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे संप्रेरक कमी पडतं. काही पेशी जगतात, पण आतला डीएनए बिघडवून. त्यांच्यातून पुढे गाठ किंवा कर्करोग उद्भवू शकतो. मुलांची ग्रंथी लहान, तेवढंच आयोडीन थोड्या जागेत साठतं आणि पेशीही वाढीला लागलेल्या असतात. म्हणून मार त्यांनाच जास्त.

1986 च्या चेर्नोबिल अपघातात हेच घडलं, फक्त वाट निराळी. गवतावरून गाईत, गाईच्या दुधातून मुलांत. चार-पाच वर्षांनी मुलांमधला थायरॉइडचा कर्करोग वाढलेला दिसू लागला. शेजारच्या पोलंडने मात्र काही दिवसांतच एक कोटीच्या आसपास मुलांना साधं आयोडीन पाजलं. ग्रंथी आधीच भरली, की घातक आयोडीनला जागा कमी मिळते.

आता आपला मूळ प्रश्न. थायरॉइडचा कर्करोग किरणोत्साराशिवायही होतो. गाठीवर तिचं कारण लिहिलेलं नसतं. समूहाबद्दल आपण खात्रीने बोलू शकतो. पण 'माझी गाठ त्या राखेमुळेच आली' हे एकट्या माणसाने सिद्ध कसं करायचं? आणि सिद्ध करता येत नाही, म्हणून त्याचा हक्क बुडाला का?

मार्शल बेटांच्या अणुदावे न्यायाधिकरणाने 1991 मध्ये याला एक उत्तर दिलं. चाचण्यांच्या काळात तुम्ही त्या बेटांवर होता आणि तुम्हाला यादीतला आजार झाला, तर कारण गृहीत धरू. वेगळा पुरावा नको. आम्हाला हे केवळ कायद्याचं नव्हे, तर ज्ञानाचंही शहाणपण वाटतं. जिथे अनिश्चितता कुणाच्या तरी कृत्यातून आली, तिथे तिचं ओझं सोसणाऱ्याच्या डोक्यावर का टाकायचं? दुःख एवढंच, की निवाडे झाले, पण भरपाई पूर्ण द्यायला निधी पुरला नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी कुणाला लहानपणी डोक्यावर किंवा मानेवर किरणोपचार झाले असतील, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा आणि थायरॉइडची तपासणी वेळोवेळी करत राहा. वीस वर्षं झाली, आता काय, असं म्हणू नका. शरीर लवकर विसरत नाही, हेच आज आपण पाहिलं.