शुक्र गेला, आता बुधाची प्रतीक्षा

८ जून २००४ रोजी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा सोलापूरच्या आकाशात सूर्य आरंभापासून अखेरपर्यंत क्षितिजाच्या वर होता. त्याआधीची अशी घटना १८८२ मधील. ६ जून २०१२ रोजी ती पुन्हा घडली. भारतात सूर्य उगवला तोच हा काळा ठिपका घेऊन. शुक्राचे यापुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे. ज्यांची ही संधी हुकली, त्यांच्यासाठी आता उरतो तो बुध.

पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जाणारा ग्रह सूर्यबिंबावर ठिपक्यासारखा दिसतो, त्यास अधिक्रमण म्हणतात. पृथ्वीच्या कक्षेच्या आत बुध व शुक्र हे दोनच ग्रह असल्याने ते त्यांचेच घडते. शुक्र दर ५८४ दिवसांनी मध्ये येतो. परंतु त्याची कक्षा सुमारे ३.४ अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुधा सूर्यबिंबाच्या वरून वा खालून निघून जातो. बुधाची अधिक्रमणे मात्र शतकात १३-१४ वेळा होतात.

शुक्राच्या अधिक्रमणावरून सूर्याचे अंतर मोजता येईल, असे एडमंड हॅले यांनी सुचविले होते. त्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल जांती भारताकडे निघाले. १७६१ मध्ये ते समुद्रावरच अडकले. आठ वर्षे थांबून १७६९ मध्ये त्यांनी पाँडिचेरीत दुर्बीण रोखली. ऐन वेळी ढग आले!

सोलापूरकरांना १३ नोव्हेंबर २०३२ रोजी ढगांची भीती तुलनेने कमी राहील. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सूर्य मध्यान्ही असतानाच बुधाचे अधिक्रमण सुरू होईल आणि सूर्यास्तापूर्वी, साडेचारच्या सुमारास संपेल.

शुक्राचा ठिपका ग्रहणाच्या चष्म्यातून दिसत असे. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या जेमतेम १९० व्या भागाएवढा असल्याने दुर्बीण हवीच. लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडणे हा सोपा मार्ग. मात्र त्या वेळी दुर्बिणीला कोणीही डोळा लावू नये. थेट पाहायचे असल्यास प्रमाणित सौरगाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवावी. काजळी धरलेली काच वा क्ष-किरण फिल्म चालणार नाही. नेत्रपटल भाजताना वेदना होत नाहीत. इजा कळते ती नंतर, आणि ती कायमची ठरू शकते. शाळांनी दुर्बिणीची तयारी वेळीच करावी, हे उत्तम.