खते आणि कीटकनाशके: कोठीतील शेजार

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात सोयाबीन, कपाशी आणि शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन एकाच शिवारात होत असल्यामुळे युरियाची गोणी, फवारणीचे औषध, तणनाशकाची बाटली आणि पुढच्या पेरणीचे बियाणे बहुधा एकाच खोलीत येऊन पडते. परसबागेपुरती खते आणणाऱ्या घरात प्रमाण कमी असले तरी मांडणी फारशी वेगळी नसते. अशा खोलीत पदार्थाच्या विषारीपणाइतकाच त्याचा शेजारही घातक ठरतो.

सुमारे 46 टक्के नत्र असलेला युरिया आर्द्रताशोषक, म्हणजे हवेतील ओलावा ओढून घेणारा असतो. तो अमोनियम नायट्रेटयुक्त खताबरोबर मिसळला गेला तर विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यातही मिश्रणाला पाणी सुटू शकते, म्हणून गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि तोंड बांधून ठेवाव्या लागतात. ठिबकमधून दिले जाणारे पोटॅशियम नायट्रेट (13:0:45) ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे स्वतः न पेटता आगीला ऑक्सिजन पुरवणारे. त्यामुळे गंधकाची भुकटी, डिझेल आणि कडबा यांच्याजवळ त्याला जागा नसावी.

तणनाशकांचा उपद्रव मात्र सहसा उशिरा लक्षात येतो. 2,4-डी या तणनाशकाच्या एस्टर स्वरूपाची वाफ होते, ती जवळच्या खतात आणि बियाण्यात मुरू शकते, आणि तिचा अंशमात्र स्पर्श झालेल्या कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. बियाण्यावर अर्थकारण उभे असलेल्या तालुक्यात ही बाब किरकोळ मानता येत नाही.

मूळ डबा बदलण्याची सवय सर्वांत घातक होय. बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात 16 जुलै 2013 रोजी माध्यान्ह भोजनातून 23 मुले दगावली; स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते आणि ते तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवल्याचे तपासात पुढे आले. डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाची उतरती पायरी दाखवतो, तर तेथेच छापलेला उतारा डॉक्टरांना उपचाराची दिशा देतो; औषध शीतपेयाच्या बाटलीत ओतताच या दोन्ही गोष्टी हरवतात. रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे 1971चे कीटकनाशक नियम सांगतात.

हेच नियम विक्रेत्याला स्वतंत्र, कोरडी, हवेशीर खोली किंवा कुलूपबंद कपाट ठेवायला लावतात, आणि ती पद्धत घरानेही उचलावी. कुलूप मुलांचे रक्षण करते हे खरे. तथापि श्रीलंकेतील 180 गावांत झालेल्या, 2017मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुलूपबंद पेट्या वाटूनही जाणूनबुजून विष घेण्याचे प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून कुलपाची गरज मान्य करूनही एका फवारणीपुरतेच औषध विकत घेणे, म्हणजे साठाच न होऊ देणे, अधिक भरवशाचे ठरते.