घंटेपूर्वी पाच मिनिटे

पुणे-सातारा महामार्गालगत कामथडी येथे आमचे भुसार दुकान आहे. धाकटे बंधू ते सांभाळतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी गल्ल्यावर मी बसतो. बंधूंचा नातू आज आठ वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना तो डाळींच्या डब्यांचा क्रम तोंडपाठ म्हणून दाखवी आणि मुगाच्या जागी कोणी तूर ठेवली तर जमिनीवर लोळण घेई. पहिल्या गोष्टीला आम्ही हुशारी म्हणत असू, दुसरीला हट्ट. हाक मारली तर तो वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, विचारलेला प्रश्नच परत उच्चारतो, या साऱ्याची बेरीज मात्र हिशेबात मुरलेल्या आमच्या घरात कोणी केली नाही.

पुण्यातील तज्ज्ञांनी ती केली. भारतात यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस प्रश्नांची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक प्रश्नास एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तरपर्यंत गेली की स्वमग्नता मानली जाते. निदान झाले, पण घरात चर्चा सुरू झाली ती थोरल्या नातीच्या स्थळांची. 'एवढ्यात कोणाला सांगू नका' असे ठरले. ते ठरवणाऱ्यांत मीही होतो. सूनबाईंना तर 'तूच मोबाईल हाती दिलास' असे ऐकावे लागले. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या नोंदींवरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांतही आईच्या कोरड्या वागणुकीला दोष दिला जात होता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, त्या समजुतीचे साधार खंडन केले. आमच्या घरात ते पोहोचायला साठ वर्षे लागली.

लपवण्याची किंमत मुलाने मोजली. एका खासगी शाळेत आम्ही काहीही न सांगता त्याचे नाव घातले. मधल्या सुटीची घंटा झाली की तो कान दाबून किंचाळे. तिसऱ्या महिन्यात 'दुसरीकडे पाहा' असा निरोप आला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार शासनमान्य शाळेला अशा मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी, ज्यांच्यापासून आम्हीच सत्य दडवले त्यांच्याशी कोणत्या तोंडाने भांडणार?

पुढील जूनमध्ये गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो, तेव्हा सर्व कागद टेबलावर ठेवले. शिक्षिकांनी ते चाळले आणि सूनबाईंना विचारले, "याला भीती कशाची वाटते? आणि आवडते काय?" तासभर त्या लिहून घेत होत्या.

पुढे वर्गात जे बदल झाले त्यांस फारसा खर्च आला नाही. स्वमग्न मुलाला बोललेला शब्द बहुधा हवेत विरल्यासारखा होतो, चित्र मात्र समोर टिकून राहते. म्हणून त्याच्या बाकावर दिवसाच्या कामांची चित्रे ओळीने चिकटवली: प्रार्थना, वाचन, गणित, डबा, खेळ. झालेल्या कामाचे चित्र तो स्वतः काढून पाकिटात टाकतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून शासकीय कार्यक्रम म्हणून अशी चित्रबद्ध आखणी शिकवली जाते. आमच्या शिक्षिकांनी ती जुन्या कॅलेंडरांतून कापलेल्या चित्रांवर केली. त्याची जागा दारापासून दूर, भिंतीलगत. सूचना एका वेळी एकच. उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजून थांबायचे, कारण घाईने प्रश्न पुन्हा विचारला की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घंटेपूर्वी पाच मिनिटे त्याला घंटेचे चित्र दाखवायचे. आता कानांवर हात जातात, पण किंचाळी नसते. हीच युक्ती आम्ही मंदिरात जाताना वापरतो.

भाषेचाही धडा मिळाला. एकदा शिक्षिका मुलांना म्हणाल्या, "तोंडाला कुलूप लावा." हा उठला आणि कपाटाचे कुलूप घेऊन आला. मुले हसली, पण शिक्षिकांनी त्याला शाबासकी दिली आणि 'गप्प बसा' असे सरळ सांगण्याची सवय स्वतःला लावली. माझ्या मते त्या दिवशी इतर मुलेही काही शिकली असावीत.

सारे सुरळीत आहे असे नव्हे. विशेष शिक्षिका फिरत्या आहेत, रोज येऊ शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले; गावोगाव ते दिसण्याची वाट आपण पाहत आहोत. लेखनात तो मागे आहे. पावसाने प्रार्थना रद्द झाली की सकाळ बिघडते.

पैशाची बाजू सांगणे हे माझे कामच. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लाजेपोटी टाळू नये. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीही येते. जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. ती आपल्या एचयूएफलाही घेता येते. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. गरज असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

नोकरीत असताना एक वृद्ध गृहस्थ आपल्या तिशीतल्या मुलाला घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. प्रमाणपत्र नव्हते, नियमाप्रमाणे मी खाते उघडण्यास नकार दिला. ते प्रमाणपत्र कोठे मिळते हे मी त्यांना सांगितले नाही, कारण मलाच नीट माहीत नव्हते, आणि मी ते शोधण्याची तसदीही घेतली नाही. ते पुन्हा आले नाहीत.

यंदा शिक्षिकांच्या बदलीची शक्यता आहे. म्हणून सूनबाई आणि त्या मिळून नव्या शिक्षकांसाठी एक वही तयार करत आहेत: काय चालते, काय चालत नाही, लोळण घेतली तर कोणी जवळ जावे, किती वेळ बोलू नये. दुपारी दुकानात बसून मी ती स्वच्छ अक्षरात उतरवतो. सतरा पाने झाली आहेत. पहिल्या पानावर घंटेची सूचना आहे, लाल शाईने.