टू-डू लिस्ट वाढतच चालली आहे? दोन तक्त्यांत मांडून बघा

नोट्स अ‍ॅपमध्ये चार ओळी, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, डायरीत आणखी काही. कामं लिहिलेली असतात, तरीही विम्याच्या हप्त्याची तारीख निघून जाते. याला दरवेळी आळस कारणीभूत नसतो. अनेकदा माहितीची मांडणीच चुकलेली असते.

प्रोजेक्ट आणि काम यात फरक काय?

'ताईचं लग्न' हा प्रोजेक्ट आहे. 'केटररला फोन करून ताटाचा दर विचारणे' हे काम आहे. यादीत नुसतं 'लग्न' लिहिलं, तर आज नेमकं काय करायचं ते कळत नाही. डेव्हिड अ‍ॅलन यांनी २००१ साली आलेल्या 'गेटिंग थिंग्ज डन' या पुस्तकात सोपी कसोटी दिली आहे: एकापेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील, तर तो प्रोजेक्ट.

तक्ते कसे करायचे?

पहिला तक्ता प्रोजेक्टचा: नाव, शेवटची तारीख, स्थिती.

दुसरा तक्ता कामांचा: काम, तारीख, स्थिती आणि 'कोणत्या प्रोजेक्टचं?'. हा शेवटचा रकाना दोन्ही तक्ते जोडतो. नोशनमध्ये यासाठी 'रिलेशन' वापरतात. गूगल शीट्समध्ये प्रोजेक्टच्या नावांचा ड्रॉपडाउन केला तरी भागतं.

प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी यादी का नको?

कारण मग आजची कामं शोधायला दहा याद्या उघडाव्या लागतात. सगळी कामं एकाच तक्त्यात असली, की तारखेचा फिल्टर लावून 'आज' दिसतं आणि प्रोजेक्टचा फिल्टर लावून फक्त 'लग्न' दिसतं. नोंद एकच, बघण्याच्या पद्धती दोन.

तक्ते एकमेकांशी जोडण्याची ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आजही बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य डेटाबेस त्यावर चालतात. त्यातून आपण घ्यायचा नियम असा: एक माहिती एकाच ठिकाणी लिहा. लग्नाची तारीख बदलली, तर ती प्रोजेक्टच्या तक्त्यात एकदाच बदलायची.

रकाने किती ठेवायचे?

ज्या रकान्यावर तुम्ही कधी फिल्टर लावत नाही किंवा जो कधी वाचत नाही, तो काढून टाका. भरायला वेळ लागला, की तक्ता आठवड्याभरात बंद पडतो. 'स्थिती'मध्ये मात्र 'बाकी' आणि 'झालं' यांच्यासोबत 'दुसऱ्याकडे अडकलंय' हा पर्याय ठेवा. फोन कोणाला करायचा, ते लगेच दिसेल.

आठवड्यातून एकदा काय बघायचं?

जो प्रोजेक्ट 'सुरू' आहे, पण ज्याचं एकही काम बाकी दिसत नाही, तो शोधा. तो एकतर पूर्ण झालेला असतो किंवा गुपचूप थांबलेला. थांबलेला असेल, तर त्याचं पुढचं एक काम तिथेच लिहून टाका.