शुक्रवार संध्याकाळनंतरचं भोर-वेल्हं

पुण्याची आयटीनगरी कुठवर पसरली आहे, असं विचारलं तर हिंजवडी, बाणेर, खराडी, मगरपट्टा ही नावं चटकन येतात. वेल्ह्याचं नाव कुणी घेणार नाही. खरं तर इथं ना आयटी पार्क, ना काचेच्या इमारती. पण पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी पहाटे सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्याला उभं राहून बघावं. नसरापूरकडे वळणाऱ्या मोटारींची रांग लागलेली असते. मार्गासनीला तिच्या दोन वाटा होतात. काहीजण राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याला जातात, काही सरळ पुढे तोरण्याखालच्या वेल्ह्याला. दिवस वर येईतो राजगडाच्या चोरदरवाजाच्या रेलिंगपाशी खोळंबा झालेला असतो. शिवाजी महाराजांच्या कारभाराची राजधानी सुमारे पाव शतक होती तो हा गड. सरकारनं तालुक्याचं नावही आता राजगड केलं आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच.

2011च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या 55 हजारांच्याही आत होती, जिल्ह्यात सर्वांत कमी. भातखाचरं, चढावर नाचणी-वरई, आणि बाकी डोंगर. आधीच्या पिढ्या मुंबईला गेल्या, आताची धायरी, नऱ्हे, आंबेगाव, धनकवडीत भाड्यानं राहते. त्यांतले काही कोडिंग करतात, बरेचसे कंपनीची गाडी चालवतात, गेटवर उभे राहतात, कॅन्टीन सांभाळतात. आयटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅपटॉपवालाच येतो. त्याला वेळेवर कामावर पोहोचवणारा येत नाही. हाही शुक्रवारी संध्याकाळी निघतो, फक्त गावी.

पुण्याचं वेल्ह्याशी नातं त्याहून जुनं, नळाचं आहे. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत मिळून 29 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 23 टीएमसीहून जास्त एकट्या पानशेत आणि वरसगावात. बाणेरच्या पंधराव्या मजल्यावरच्या शॉवरचा उगम शोधत गेलं तर माणूस या डोंगरात पोहोचेल. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्याला या खोऱ्याची आठवण झाली होती, त्यानंतर क्वचितच.

भोरचंही तेच. 1928 साली पुऱ्या झालेल्या भाटघर धरणानं वेळवंडी अडवली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे गेलं. धरणांच्या वरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे म्हणून त्याची बातमी होत नाही, इतकंच.

भोर गाव मात्र वेल्ह्यासारखं आडवाटेचं नाही. शंकराजी नारायण सचिवांच्या वंशजांचं हे संस्थान 1948मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. 1869चा राजवाडा अजून उभा आहे आणि चित्रपटवाल्यांच्या विशेष लाडाचा आहे. भोरला एमआयडीसी हवी, ही मागणी निवडणुकीमागून निवडणुका ऐकू येते. तोवर पोरं नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यांत जातात. सातारा जिल्ह्यात रोजगार, पुणे जिल्ह्यात घर.

आता रस्त्यारस्त्यावर पाट्या लागल्या आहेत: ‘लेक व्ह्यू’, ‘फार्महाऊस प्लॉट’. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. त्यामुळे गावाकडचा जुना सातबारा शोधणारे इंजिनीअर बरेच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आठवडाभर वाकडच्या सिग्नलला अडकलेल्याला मोकळी हवा हवीच असते. पण मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन एकत्र करून स्वतःच नगर वसवलं आणि भागीदार राहिले. इथं गुंठ्यांचे पैसे हाती येतात, त्यांतून लग्न नि मोटार होते, आणि पुढे नव्या मालकाच्याच बंगल्याची राखण करायची पाळी येते. मोसे खोऱ्यातल्या लवासाचं काय झालं, हेही शेजारच्यांनी पाहिलं आहे: 2010 अखेर पर्यावरण खात्याची काम थांबवण्याची नोटीस, 2018पासून दिवाळखोरीची प्रक्रिया. तरी पाट्या वाढतच आहेत. पश्चिमेचा वर्तुळाकार रस्ता मावळातल्या उर्शाहून निघून भोर तालुक्यातल्या वरव्याशी महामार्गाला मिळणार आहे. म्हणजे हिंजवडीच्या बाजूनं येणाऱ्याला कात्रजच्या गर्दीत शिरायचं कारणच उरणार नाही.

जायचं असेल तर मधल्या वारी जावं. स्वारगेटहून भोर-वेल्ह्याला एसटी आहे. स्वतःची गाडी असेल तर खानापूरहून पाबे घाटानं वेल्ह्यात उतरता येतं. पावसात घाट जपून चालवावा. गुंजवण्यात जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर बरं. पिठलं-भाकरी घरची मिळते. परतताना इंद्रायणी तांदूळ घ्यायचा असेल तर हायवेवर नको, गावातल्या शेतकऱ्याकडूनच घ्यावा, आणि त्यात घासाघीस करू नये.