झेंड्याचा मान आणि माणसाचे बोलणे

राष्ट्रध्वज जाळणे हा गुन्हा मानावा की मत मांडण्याचा एक प्रकार मानावा, हा विषय आम्ही वसंत व्याख्यानमालेसाठी घेतला, तेव्हा काही मित्रांनी आम्हांला बजावले, "हा विषय नको, लोक उठून जातील." लोक उठून जाण्याचा अनुभव कामगार-संघटनेच्या माणसाला नवा नाही. गेटसभेत भोंगा झाला की निम्मी सभा उठते, आणि त्यात तिचा काही दोषही नसतो. आमचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर सुटले. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती कामगार न्यायालयाच्या बाकावर, तारखेचा पुकारा होण्याची वाट पाहत. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे आम्हांला कारण नाही. जे वाचले आणि जे पाहिले तेवढेच सांगतो.

पाहिलेले आधी सांगतो. गोष्ट नव्वदच्या दशकातील आहे. वाळूजच्या एका कारखान्यात टाळेबंदी होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चार महिने पगार नव्हता. किराणा दुकानदाराने उधारी बंद केली होती. २६ जानेवारीला सकाळी आत ध्वजवंदन झाले. मॅनेजर, सुरक्षारक्षक आणि कार्यालयातील दहाबारा माणसे फाटकाच्या आत, आणि आम्ही दोनअडीचशे माणसे फाटकाबाहेर धुळीत. राष्ट्रगीत सुरू झाले तसे बाहेरचे सगळे ताठ उभे राहिले. कोणी सांगावे लागले नाही. गीत संपले आणि बाविसएक वर्षांचा एक पोरगा आमच्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, हा झेंडा त्यांचा आहे, आपला नाही. उद्या मी तो इथंच फाटकावर जाळतो." खिशात काडेपेटी होती. आम्ही ती काढून घेतली.

आता कबूल करतो की त्या दिवशी आम्ही त्याला अडवले ते देशभक्तीने नव्हे, भीतीने. पोलीस येतील, पेपरात फोटो येईल, आणि चार महिन्यांच्या लढ्याचे दोन मिनिटांत वाटोळे होईल, हा आमचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. परंतु "झेंडा त्यांचा आहे, आपला नाही" या त्याच्या बोलण्याला उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधण्यासाठी मग आम्ही वाचू लागलो.

आणि पहिली गोष्ट सापडली ती दूर कोठे नव्हे, याच शहरात. आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद. राज्य निजामाचे. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी आधी काढा, असे फर्मावणारी ती 'गश्ती निशाण ५३' जुन्या माणसांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होती. १९३८ साली येथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुले प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणत. त्याला मनाई झाली. मुलांनी ऐकले नाही, संप केला. तो संप हैदराबादेस, गुलबर्ग्यास, वरंगळास पोचला. शेकडो मुलांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली म्हणून त्यांचे शिक्षण पुरे झाले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या पिढीतलेच. येथील चळवळीत गोविंदभाई श्रॉफ उभे होते. त्यांचे नाव या श्रोत्यांना सांगायला नको.

पुढे १५ ऑगस्ट १९४७ आला. मुंबईत, पुण्यात, दिल्लीत तिरंगा चढला. आमच्या मराठवाड्यात तो चढवण्यास मनाई होती. ७ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थांनी भारतीय संघराज्यात सामील होण्याचा दिवस पाळायला सांगितले होते, आणि त्या महिन्यातच स्वामीजी तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे तेरा महिने, जो झेंडा पलीकडच्या जिल्ह्यात सरकारी कचेरीवर फडकत होता तोच झेंडा येथे घरात लपवून ठेवावा लागे. नदी ओलांडली की राष्ट्रध्वज, अलीकडे आले की गुन्हा! कापड एकच.

सोलापूरची हकीकतही याच जातीची. १९३० च्या एप्रिलात तेथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावला. मे महिन्यात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला, आणि झेंडा लावणे, मिरवणे हा अपराध ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. त्यांतील कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत काम करणारे आणि वर्तमानपत्र चालवणारे होते. संघटनेच्या माणसाने हे नाव विसरू नये म्हणून ते मुद्दाम सांगितले. त्याआधी १९२३ साली नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला होता. दीड हजारांवर माणसे तुरुंगात गेली, ती केवळ एका रस्त्याने झेंडा नेऊ द्या एवढ्यासाठी.

आमच्या त्या पोराला उत्तर मिळाले ते येथे. झेंडा मालकाचा कधीच नव्हता. सरकारचाही नव्हता. ज्यांना तो हातात धरण्याची बंदी होती त्यांनी तो बंदी मोडून धरला, म्हणून त्याला मान आला.

परंतु याच उत्तरातून दुसरा प्रश्न निघतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारच्या हुकुमाविरुद्ध बोलण्याच्या हक्कातून ज्या झेंड्याचा मान जन्मला, त्याच झेंड्याच्या मानासाठी बोलणाऱ्याचे तोंड बंद करता येईल काय?

कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण चौकातल्या वादात कायदा कोणी वाचलेला नसतो. राष्ट्रीय सन्मानाचा अपमान रोखणारा कायदा १९७१ सालचा आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा राज्यघटना जाळणे, फाडणे, तुडवणे, अथवा शब्दांनी वा कृतीने तिची अप्रतिष्ठा करणे याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. २००३ साली त्यात भर पडली. दुसऱ्यांदा गुन्हा केला तर किमान एक वर्ष कैद. येथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पुढचे स्पष्टीकरण मात्र कोणी वाचत नाही. ध्वज कायदेशीर मार्गाने बदलावा, घटनेत दुरुस्ती व्हावी, सरकारचे अमुक धोरण चुकीचे आहे, अशा हेतूने केलेली टीका हा गुन्हा नव्हे, असे त्याच कलमाखाली लिहून ठेवले आहे. म्हणजे उद्या कोणी म्हणाला की मला या ध्वजाचे रंग पसंत नाहीत, ते बदला, तर त्याला कैद नाही. ज्यांनी कायदा केला त्यांना टीका आणि विटंबना यांतला फरक कळत होता.

राजद्रोह ही गोष्ट तर आणखी निराळी. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात सांगितले की सरकारवर कितीही कडक टीका केली तरी, तिने हिंसेस वा दंगलीस चिथावणी दिली नाही तर, तो राजद्रोह होत नाही. ते १२४-अ कलम २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने स्थगित केले, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या संहितेत १५२ वे कलम आले आहे. नाव गेले आहे, भीती गेली आहे असे आम्हांस वाटत नाही. असो.

जाळण्याविषयी एक चमत्कारिक गोष्ट आहे. ध्वजसंहितेतच लिहिले आहे की ध्वज फाटला, जीर्ण झाला तर तो खाजगीत, शक्यतो जाळून, मानाने पूर्णपणे नष्ट करावा. म्हणजे ज्याला चौकात तीन वर्षे कैद, तेच घरामागे विधिपूर्वक केले तर योग्य रीत. ही विसंगती नव्हे. प्रेत आपण जाळतो, आणि एखाद्याचा पुतळाही जाळतो. आग एकच, अर्थ उलटे. ध्वज जाळणारा काहीतरी बोलत असतो, आणि शिक्षा होते ती त्या बोलण्याला. बोलणे कितीही ओंगळ असो, ते बोलणे आहे हे आधी मान्य करावे, आणि मग शिक्षेचा वाद घालावा.

आमच्याच न्यायालयाने २००४ साली, एका उद्योगपतीच्या अर्जावर, ध्वज सन्मानाने फडकवणे हा घटनेच्या १९ व्या कलमातील अभिव्यक्तीचाच भाग आहे असे ठरवले. त्याआधी साध्या माणसाला वर्षातले काही ठरावीक दिवस सोडले तर घरावर ध्वज लावण्याची मुभा नव्हती. २००२ च्या संहितेने ती दिली होती. फडकवणे हे बोलणे असेल तर जाळणे हे मुकेपण कसे? न्यायालयाने अर्थात् हेही सांगितले की हा हक्क अमर्याद नाही. अमेरिकेत १९८४ साली डल्लास शहरात एकाने निदर्शनात ध्वज जाळला. त्याला एक वर्षाची कैद आणि दोन हजार डॉलर दंड झाला. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती शिक्षा रद्द केली. नऊ शहाणी माणसे अशी जवळजवळ निम्मी निम्मी फुटली. पुढल्याच वर्षी नवा कायदाही न्यायालयात पडला. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी ध्वज जाळणाऱ्यांवर खटले भरण्याविषयी आदेश काढला. तेव्हा वाद मिटला आहे असे कोणत्याच देशाने म्हणू नये.

आता आमचे मत. काही श्रोत्यांना ते रुचणार नाही. ध्वज जाळणे हे आम्हांला पटत नाही; आज पुन्हा कोणी काडेपेटी काढली तर पुन्हा आम्ही ती हिसकावून घेऊ. जाळणाऱ्याची मागणी कोणी ऐकत नाही, लोकांच्या ध्यानात राहते ती फक्त आग. तथापि त्या पोराला तीन वर्षे तुरुंगात धाडून त्याच्या मनातला "झेंडा त्यांचा आहे" हा शब्द खोटा ठरला असता काय? उलट तो कायमचा खरा ठरला असता. अशा माणसाशी भांडावे, त्याला चार माणसांत निरुत्तर करावे. दंगल पेटवायला कोणी ध्वज जाळत असेल तर दंगलीची कलमे आहेतच.

येथे १९३८ च्या मुलांकडे पुन्हा वळतो. १९८५ साली केरळात तीन भावंडांना शाळेतून काढून टाकले. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, आणि जो मानाने उभा आहे तो अनादर करत नाही, असे सांगितले. औरंगाबादची मुले गात होती म्हणून काढली, केरळातली गात नव्हती म्हणून काढली. गीते वेगळी, राज्ये वेगळी. काढणाऱ्याची समजूत एकच की मुलाचा गळा आपल्या ताब्यात आहे. चित्रपटगृहातही २०१६ साली राष्ट्रगीत सक्तीचे झाले होते. २०१८ च्या जानेवारीत न्यायालयानेच ती सक्ती काढली. वाळूजच्या फाटकाबाहेर आमची माणसे उभी राहिली तेव्हा कोणती सक्ती होती?

आणि अपमान म्हणाल तर तो कसा होतो हे आमच्या सफाई कामगारांना विचारा. १६ ऑगस्टच्या पहाटे घंटागाडीबरोबर निघणारी माणसे गटारीच्या कडेने कागदाचे, प्लास्टिकचे झेंडे वेचत येतात. एका वर्षी दोघी बाया पोतेभर झेंडे घेऊन संघटनेच्या कचेरीत आल्या. "भाऊ, कचऱ्यात टाकवत नाही, जाळायचं म्हटलं तर कुणी बघंल. काय करायचं?" आम्ही संहितेचे ते पान काढून वाचून दाखवले. मग कचेरीच्या मागच्या अंगणात, दार लावून, त्यांनी कागदी झेंडे जाळले. प्लास्टिकचे वेगळे काढले, त्यांचे काय करावे हे त्या पानावर आम्हांला सापडले नाही. झेंडे रस्त्यावर टाकणाऱ्यांपैकी एकावरही गुन्हा दाखल झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. झेंडा विणणाऱ्याचेही तसेच. आमच्या नांदेडला, स्वामीजींच्या नावाशी जोडलेल्या खादी समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. २०२१ च्या डिसेंबरअखेर यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली, आणि चरख्यावर नि मागावर पोट असणाऱ्यांचे काय, हा प्रश्न 'हर घर तिरंगा'च्या गजरात फारसा कोणी विचारला नाही.

त्या पोराचे पुढे काय झाले, असे विचाराल. टाळेबंदी उठली, पण त्याला परत घेतले नाही. आज तो रिक्षा चालवतो. पन्नाशीला आला आहे. रिक्षाच्या आरशाला लहानसा तिरंगा लावलेला असतो. क्रांती चौकात भेटला की चहा तोच पाजतो, आणि दर वेळी म्हणतो, "भाऊ, त्या दिवशी काडेपेटी घेतली नसती तर मी जाळलाच असता, आणि माझं काही चुकलं नसतं." आम्ही म्हणतो चुकले असते. मग चहा दुसऱ्यांदा मागवावा लागतो.